पेन्सिलची तारीख: मानव्यविद्या शाखेच्या आगामी कार्यक्रमांचं एक प्रकरण

(विद्यापीठ, विभाग आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आहे तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

मध्यम आकाराचं विद्यापीठ. कला आणि मानव्यविद्या शाखेत सात विभाग: साहित्य, भाषाशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत, नाट्य आणि दृश्यकला. मी शाखेच्या कार्यालयात कार्यक्रम समन्वयक होते. पदाचं नाव भारदस्त, काम मात्र टपालखात्याचं. विभागांकडून येईल ती माहिती 'आगामी कार्यक्रम' या यादीत टाकायची आणि दर सोमवारी दुपारी ती सगळ्यांना मेल करायची. कार्यक्रम ठरवायचे विभागांनी, सभागृहाची नोंदणी दुसऱ्या कार्यालयात, पैशाची मंजुरी तिसरीकडे आणि भित्तिपत्रकं जनसंपर्क कक्षाकडे. यादी तेवढी माझी.

सत्र भरात आलं की आठवड्याला आठ-दहा नोंदी व्हायच्या. व्याख्यानं, परिसंवाद, नाट्यवाचन, मैफली, प्रदर्शनं, पुस्तकावरच्या चर्चा. यादी लांबलचक दिसली की वर कौतुक व्हायचं. कार्यक्रमाला माणसं किती आली, हे कुणी विचारत नसे.

त्या गुरुवारी

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा युनेस्कोचा जागतिक तत्त्वज्ञान दिन. २००२ साली तो पहिल्यांदा साजरा झाला आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने तो अधिकृत केला. तत्त्वज्ञान विभाग त्या दिवशी परिसंवाद घेणारच. त्यात नवल काही नाही, तारीख वर्षभर आधीपासून माहीत असते. निदान त्यांना तरी असते.

साहित्य विभागाने त्याच संध्याकाळी पाच वाजता एका नामांकित अनुवादक बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. बाई परदेशातून तेवढ्या एका आठवड्यासाठी आल्या होत्या. आणि संगीत विभागाची विद्यार्थी मैफल साडेसहाला, म्हणजे तिची ध्वनिचाचणी पाचला. मैफल ज्या दालनात होती त्याची आणि व्याख्यानाच्या सभागृहाची भिंत एकच.

तिन्ही नोंदी मी स्वतः एकाच दुपारी, एकाखाली एक टाइप केल्या होत्या. मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण सोमवारी दिसून गुरुवारचं काय करणार? बाईंचं तिकीट काढलेलं, परिसंवादाचे पाहुणे ठरलेले, मैफलीचे पास वाटून झालेले. मी 'पाठवा'वर बोट ठेवलं आणि घरी गेले.

१८० खुर्च्यांच्या सभागृहात आम्ही ११ जण होतो, ध्वनियंत्रणा सांभाळणारा मुलगा आणि मी धरून. बाईंनी व्यासपीठावरून खुर्ची खाली आणली, आम्हाला पहिल्या रांगेत बोलावलं आणि ध्वनिक्षेपक बाजूला ठेवला. एका कवितेच्या चार ओळींचे दोन अनुवाद त्या पाठोपाठ वाचून दाखवत होत्या. लय कुठे मोडते ते कानाने ओळखा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या ओळीला भिंतीपलीकडे तालवाद्य सुरू झालं. त्या थांबल्या, भिंतीकडे पाहिलं, आवर्तन संपू दिलं आणि मग तिसरी ओळ म्हटली. पुन्हा थाप पडली. पुन्हा थांबल्या. तासभर हेच.

तरी त्या संध्याकाळचं खरं नुकसान हे नव्हतं. व्याख्यानासाठी दोन सांकेतिक भाषा दुभाषे बोलावले होते. हे काम थकवणारं असल्यामुळे लांब कार्यक्रमाला दोघे लागतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी ते आळीपाळीने काम करतात. ज्या कर्णबधिर विद्यार्थ्यासाठी ते मुख्यतः बोलावले होते, तो तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. तो स्वतःच्या विभागाच्या परिसंवादात बसला होता आणि तिथे दुभाषा नव्हता. आमच्याकडे दोन दुभाषे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे. हे मला दुसऱ्या दिवशी त्याच्याच मेलवरून कळलं. मेलमध्ये तक्रारीचा सूर नव्हता. पुढच्या वेळी आधी कुणाला सांगायचं असतं, एवढंच त्याने विचारलं होतं. आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाठ कुठे होती

अधिष्ठात्यांनी बैठक घेतली. पहिलं निदान अपेक्षितच होतं: प्रसिद्धी कमी पडली. जनसंपर्क कक्षाने मोठी भित्तिपत्रकं सुचवली. साहित्याच्या सरांनी विद्यार्थ्यांच्या उदासीनतेवर दहा मिनिटं घेतली. मला दोन्ही पटलं नाही, कारण त्या दिवशी विद्यार्थी आले नव्हते असं नाही. ते तीन ठिकाणी वाटले गेले होते. कविता आणि तत्त्वज्ञान दोन्हींत रस असणारी मुलं मानव्यविद्येत मोजकी असतात, आणि त्यांनाच आम्ही एकाच वेळी तीन दारांतून हाका मारल्या होत्या.

मी मागच्या वर्षभराचे मेल काढून बसले. प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन तारखा लिहिल्या: विभागाने दिवस कधी ठरवला आणि मला कधी कळवला. पहिली तारीख शोधायला विभागांच्या लिपिकांनी मदत केली. प्रवासखर्चाचे अर्ज, निमंत्रणपत्रं, सभागृहाच्या नोंदी यांतून ती निघाली. बाहेरचा पाहुणा असेल तर दिवस तीन-चार महिने आधी ठरलेला असे. मला कळे दहा दिवस आधी, कधी आठ.

मधले तीन महिने ती तारीख कुठे होती? विभागप्रमुखांच्या टेबलाच्या खणात. यात लबाडी नव्हती, कारण अगदी सरळ होतं. वक्त्याचा होकार, विषयाचं शीर्षक, पैशाची मंजुरी, सभागृह हे सगळं पक्कं झाल्याशिवाय जाहीर करायचं नाही, अशी रीत. जाहीर केलं आणि रद्द झालं तर नाचक्की. सातही विभाग याच सभ्य कारणाने गप्प बसत आणि सातही जण एकदमच पत्ते उघडे करत. तोवर कुणालाच हलता येत नसे.

म्हणजे आमच्याकडे तारखेच्या दोनच अवस्था होत्या: गुप्त आणि जाहीर. मधली अवस्थाच नव्हती.

समोर असलेले पर्याय

अधिष्ठात्यांना मध्यवर्ती मंजुरी हवी होती. कुठलाही कार्यक्रम आधी शाखा कार्यालयात येईल आणि तिथून हिरवा कंदील मिळेल. कागदावर छान. पण मंजुरी द्यायची मी, आणि मला 'हे व्याख्यान पुढे ढकला' असं प्राध्यापकांना सांगायचा अधिकारही नाही आणि विषयाची जाणही नाही. शिवाय मंजुरीची खिडकी उघडली की तिच्यामागे अर्ज, मग अर्जाचा नमुना, मग नमुन्याची दुरुस्ती असं सगळं ओघाने येतंच.

दुसरा पर्याय वार वाटून घेण्याचा. सोमवार साहित्याचा, मंगळवार इतिहासाचा. मला हा बरेच दिवस आवडत होता. पण पाहुणा येतो तो त्याच्या सोयीने, आणि तत्त्वज्ञान दिन गुरुवारीच येतो. ३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन, २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला. तो दरवर्षी वेगळ्या वारी पडणार, त्याला कुठला वार द्यायचा? तीन आठवडे चालणारं प्रदर्शन तर कुठल्याच वारात बसत नाही.

सगळ्यांना खुली सामायिक तक्ता-फाइल हा तिसरा. हा आधी एकदा करून झाला होता. महिन्याभरात तिच्या तीन प्रती तयार झाल्या आणि प्रत्येकजण आपलीच खरी मानत होता.

चौथा पर्याय वरवर सर्वात शहाणा वाटणारा: सभागृह नोंदणीची प्रणाली आहेच, तीच प्रमाण माना. मी त्या गुरुवारची नोंद उघडून अधिष्ठात्यांना दाखवली. तीन कार्यक्रम, तीन वेगळी दालनं, प्रणालीच्या लेखी काहीच गडबड नाही. खुर्ची रिकामी आहे की नाही ते तिला कळतं, खुर्चीत बसणारा माणूस कुठे आहे ते कळत नाही.

पाचवी कल्पना नाट्य विभागाच्या मॅडमकडून आली, तीही कल्पना म्हणून नव्हे. त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे तालमीच्या तारखा आम्ही पेन्सिलनेच लिहितो. नट आजारी पडतो, वेशभूषा तयार नसते. शाईने लिहितो ते फक्त प्रयोग." मी तो शब्द उचलला.

काय केलं

विभागांपुरती मर्यादित एक दिनदर्शिका उघडली. बाहेरच्या कुणालाही ती दिसणार नाही. तिच्यात तारीख 'पेन्सिलने' टाकायची, आणि त्यासाठी फक्त तीन गोष्टी द्यायच्या: दिवस, कार्यक्रम कुणासाठी आहे आणि अजून काय अडलंय. वक्त्याचं नाव नको, शीर्षकही नको. हा पहिला निर्णय, आणि आजही मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाव मागितलं असतं तर दिनदर्शिका रिकामी राहिली असती. पक्कं नसलेलं नाव दुसऱ्या विभागाला कळू देणं कुणालाच नको होतं.

'कुणासाठी' या रकान्यावरून वाद झाला. इतिहासाचे सर म्हणाले, "आमचे कार्यक्रम सर्वांसाठी खुले असतात." सगळेच तसं म्हणतात. मग प्रश्न बदलला: या कार्यक्रमाला आला नाही तर तुम्हाला वाईट वाटेल असा श्रोता कोण? त्यावर मात्र लगेच उत्तरं आली. द्वितीय वर्षाचे विद्यार्थी. पुराभिलेखागारात काम करणारे. भाषाशास्त्रातले संशोधक. आणि दुभाषा लागणारा तो विद्यार्थी.

दुसरा निर्णय: टक्कर झाली तर हलायचं कुणी? ज्येष्ठतेवर ठेवलं असतं तर साहित्य विभाग कधीच हलला नसता. आधी नोंद करणाऱ्याची तारीख, असं ठेवलं तर शर्यत लागली असती. आम्ही ठरवलं की ज्याला हलता येत नाही तो राहील. दिनविशेषाला बांधलेला कार्यक्रम, पाहुण्याचं तिकीट, परवाना ठरावीक दिवसाचाच मिळालेला चित्रपट, हे हलणार नाहीत. आपल्याच प्राध्यापकांचं व्याख्यान, पुस्तकचर्चा, विद्यार्थी मैफल हे हलू शकतात. दोघेही अचल असतील तर वेळ पुढेमागे करायची, नाहीतर दोन्ही कार्यक्रम एकत्र करून पाहायचे.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अर्धा तास बैठक. संपूर्ण यादी वाचायची नाही, टक्कर होणाऱ्या तारखाच वाचायच्या. पहिल्या बैठकीत नाट्य विभागाने पुढच्या सत्रातला प्रत्येक शुक्रवार पेन्सिलने धरून ठेवलेला निघाला. कल्पना त्यांचीच, रुमाल टाकून जागा अडवणारेही तेच. मॅडम हसल्या, पण सोडायला तयार नव्हत्या. तिथेच नियम झाला की पेन्सिलची नोंद तीन आठवड्यांनी आपोआप पुसली जाईल. हवी असेल तर पुन्हा लिहायची आणि 'काय अडलंय' या रकान्यात नवं काहीतरी भरायचं. तेच उत्तर दुसऱ्यांदा चालणार नाही.

जाहीर यादीतही काही किडे होते, ते या निमित्ताने काढले. त्यांतले दोन सांगते.

एक प्रदर्शनाचा. यादी सुरुवातीच्या तारखेवर चालायची. त्यामुळे तीन आठवड्यांचं प्रदर्शन उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीच 'आगामी' राहायचं नाही आणि यादीतून गळायचं. जुन्या हस्तलिखितांचं एक सुंदर प्रदर्शन असंच वीस दिवस अज्ञातवासात होतं. 'सुरू आहे' असा वेगळा भाग केला. त्याच नोंदीत एक ओळ वाढवली: कागद आणि शाई जपण्यासाठी प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवला आहे, आत आल्यावर डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्या. तोवर अभिप्रायाच्या वहीत 'दिवे लावा' हेच जास्त लिहिलेलं असायचं.

दुसरा ऑनलाइन कार्यक्रमांचा. मार्चमध्ये एका संयुक्त काव्यवाचनात कवी न्यूयॉर्कहून आणि निवेदक पॅरिसहून जोडले जाणार होते. निवेदकाने नेहमीचा सहा तासांचा फरक धरून कवीला वेळ कळवली. पण अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या. मधल्या दिवसांत फरक पाचच तासांचा असतो. कवी तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्यासमोर बसले. उलट झालं असतं तर श्रोते बसले असते. तेव्हापासून वेळेसोबत शहराचं नाव आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दोन्ही लिहितो.

'दिनदर्शिकेत जोडा' हे बटणही फसवं निघालं, पण तो दोष तंत्राचा कमी आणि आमचा जास्त. दिनदर्शिकेच्या नोंदींची देवाणघेवाण ज्यावर चालते ते आयकॅलेंडर हे प्रमाण जुनं आहे, त्याचा आजचा पाया २००९ चा. त्यात प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. दालन बदललं की आमच्या कार्यालयातला मुलगा जुनी नोंद पुसून नवी करायचा, म्हणजे क्रमांक बदलायचा आणि ती वेगळीच नोंद धरली जायची. शिवाय ज्याने फाइल एकदाच उतरवून घेतली त्याच्याकडे पुढचे बदल पोचतच नाहीत. ते हवे असतील तर दिनदर्शिकेचं सदस्यत्व घ्यावं लागतं, आणि त्यातही बदल दिसायला काही तास लागू शकतात. शेवटच्या दिवशी दालन बदललं तर जुन्या दारावर कागद चिकटवणे, याला अजून तोड नाही.

काय झालं

पुढच्या दोन सत्रांत एकाच श्रोत्यांवर डोळा असलेले कार्यक्रम एकमेकांवर येणं जवळजवळ थांबलं. थांबलं नाही ते संगीत विभागाच्या बाबतीत. त्यांच्या मैफली परीक्षांच्या वेळापत्रकावर ठरतात आणि ते वेळापत्रक बाहेरून येतं. ते बैठकीला यायचे, ऐकायचे, पेन्सिल काही उचलायचे नाहीत. शेवटी त्यांच्याशी एकाच गोष्टीवर समझोता झाला: शेजारच्या सभागृहात व्याख्यान असेल त्या दिवशी ध्वनिचाचणी चारच्या आत संपवायची. दारावर तसा कागद आहे. बहुतेक वेळा पाळलाही जातो.

अनपेक्षित फायदा दुभाष्यांच्या बाबतीत झाला. 'कुणासाठी' या रकान्यामुळे गरज दोन-तीन महिने आधी दिसू लागली. चांगले दुभाषे आयत्या वेळी मिळत नाहीत, त्यामुळे हा वेळ सोन्याचा होता. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नालाही आता उत्तर आहे: आधी मला सांग, आणि यादीच्या तळाशी त्यासाठीची ओळ आहे.

एक नुकसानही झालं. पेन्सिलवर 'परवाना बाकी' असं लिहिलेला एक चित्रपट तीनदा पुसला गेला, चौथ्यांदा विभागाने कंटाळून सोडला. चित्रपटाची चकती विकत घेतली म्हणजे तो सभागृहात दाखवायचा हक्क मिळत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना वेगळा असतो आणि हक्क कुणाकडे आहेत हे शोधण्यातच महिने जातात. जुन्या पद्धतीत कदाचित कुणीतरी चिकाटीने तो मिळवला असता. दर तीन आठवड्यांनी 'नवं काय?' असं विचारणाऱ्या दिनदर्शिकेने माणसाला लाज आणली आणि माणूस मागे हटला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवसापासून डोकी मोजेन. हजेरी वाढली का, असं आजही मला विचारतात. १८० पैकी ११ हा एकच आकडा माझ्याकडे आहे, कारण तो मनावर कोरला गेलाय. आधीच्या वर्षीची एकही मोजणी नाही, तेव्हा तुलना कशाशी करणार? दारात उभं राहून मोजायला कागदाचा चिटोराही पुरला असता.

तीन आठवड्यांचा नियम सरसकट लावणार नाही. परवाना आणि व्हिसा या दोन गोष्टी आपल्या हातात नसतात, त्यांच्यासाठी तीन महिने द्यायला हवे होते.

दुभाष्यांचा निर्णय व्याख्यानाला बांधणार नाही, माणसाला बांधेन. तो विद्यार्थी त्या संध्याकाळी कुठे जाणार आहे, हे त्याला एका ओळीत विचारता आलं असतं. कुणीच विचारलं नाही, मीही नाही.

आणि त्या सोमवारी 'पाठवा' दाबण्याआधी निदान संगीत विभागाला फोन केला असता. परिसंवाद हलणार नव्हता, बाईंचं तिकीट हलणार नव्हतं. ध्वनिचाचणी हलली असती. मी केला नाही, कारण ते माझं काम नाही अशी माझी समजूत होती, आणि माझ्या कामाच्या कागदावर खरंच तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता आहे. वाक्य लहान आहे, अधिष्ठात्यांनी त्यातला 'विनंती' हा शब्द काढून 'सूचना' असा घातला, त्यालाच दोन बैठका लागल्या.